पासवर्ड मॅनेजर: आधी परीक्षा घ्या, मग पासवर्ड टाका

अमळनेरला माझं छोटं दुकान आहे, जीएसटी रिटर्न, महाडीबीटीचे फॉर्म, पीक विमा, असली कामं. दिवसातून तीन-चार जण तरी "पासवर्ड विसरलो भाऊ" म्हणत येतात. त्यातले निम्मे आता विचारतात की ते पासवर्ड मॅनेजर ॲप, म्हणजे सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवून एकाच 'मास्टर' पासवर्डने उघडणारं, भरवशाचं असतं का. आणि विचारायच्या आधीच ब्राउझरमधले सगळे पासवर्ड त्यात ओतून बसलेले असतात! म्हणजे सोयरीक आधी अन् चौकशी मागून.

चोपड्याकडचे एक नाना आले होते, कापसाचा व्यापार. दीडेकशे पासवर्ड ॲपमध्ये टाकले, मास्टर पासवर्ड घाईत काहीतरी ठेवला, बोटाच्या ठशाने उघडायची सवय लागली, आणि चार महिन्यांनी फोन विहिरीत पडला. नव्या फोनवर ठसा चालेना आणि मास्टर आठवेना. चोर नाही की हॅकर नाही, तरी सगळं गेलं. त्यात ॲपची काही चूक नव्हती, नानांनी क्रम उलटा केला एवढंच. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, महिनाभर लागेल, लागू द्या.

## १. आधी मशीन बघा

तिजोरी कितीही भारी घ्या, घरात चोर आधीच बसलेला असेल तर तुम्ही नंबर फिरवताना तो बघणारच.

आपल्याकडे दुकानादुकानात क्रॅक केलेलं विंडोज आहे, सोबत ते 'ॲक्टिव्हेटर' नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर, जे टाकताना अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगतात. अशाच फायलींसोबत पासवर्ड चोरणारे व्हायरस येतात. असल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड मॅनेजर टाकू नका, एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. सायबर कॅफे, सेतू केंद्र, मित्राचा लॅपटॉप, तिथेही नाही.

तपासा: फोनला स्क्रीन लॉक आहे का (आणि तो १२३४ नाही ना), सिस्टीम अपडेट अजून येतात का, प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेलं एखादं ॲप पडलंय का. ओळखीच्या माणसाने 'मदत' म्हणून एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा फोन चालवू देणारं ॲप टाकून दिलं असेल तर ते आधी काढा.

## २. यादी करा, पण पासवर्ड न लिहिता

कागदावर फक्त खात्यांची नावं. तीन ढीग करा.

पहिला ढीग किल्ल्यांचा, म्हणजे मुख्य ईमेल. तो हातात असला की बाकीची बरीच खाती 'फरगॉट पासवर्ड' दाबून उघडता येतात. दुसरा पैशाचा: नेटबँकिंग, डीमॅट, इन्कम टॅक्स, जीएसटी, पीएफ. तिसरा बाकीचा सगळा पसारा, शॉपिंग, रेल्वे तिकीट, गॅस, मुलांच्या शाळेचं ॲप.

यूपीआय पिन आणि एटीएम पिन कुठल्याच ढिगात नको. ते डोक्यातच ठेवायचे, मॅनेजरमध्येसुद्धा नाही. चार-सहा आकडे लक्षात राहतात की.

## ३. कंपनीला प्रश्न विचारा

इथे जास्त वेळ घालवा, खरा निवाडा इथेच होतो. 'मिलिटरी ग्रेड सिक्युरिटी' वगैरे वाचून हुरळू नका, ते कुणीही लिहितं. सराफाकडे गेल्यावर आपण डब्याचं मखमल बघत नाही, कस बघतो. तसंच.

मास्टर पासवर्ड विसरलो तर काय? पहिला प्रश्न हाच विचारा. हेल्पलाइनला फोन केला, ओटीपी दिला आणि सगळे पासवर्ड जसेच्या तसे परत मिळाले, असं असेल तर त्याचा अर्थ दुसरी किल्ली कंपनीकडे आहे. मग ती तिथल्या कर्मचाऱ्याला, किंवा कंपनीत घुसलेल्या चोरालाही सापडू शकते. चांगल्या मॅनेजरचं उत्तर जरा निष्ठुर असतं, की आम्ही काहीच करू शकत नाही. तुम्ही स्वतः आधीच काढून ठेवलेला रिकव्हरी कोड किंवा आधीच नेमलेला घरचा माणूस, ही वेगळी गोष्ट, ते चालतं. क्रोममध्ये गुगल पासवर्ड सेव्ह करतं त्याची किल्ली सेटिंग न बदलता गुगलकडेच असते, 'ऑन-डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू केलं तर ती तुमच्याकडे येते.

कंपनीतच चोरी झाली तर चोराच्या हाती काय लागेल? चोरी होणारच नाही असं कुणी म्हणालं तर उठून या. लास्टपास या नावाजलेल्या मॅनेजरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की सोर्स कोड चोरीला गेला पण ग्राहकांच्या तिजोऱ्यांना हात लागल्याचा पुरावा नाही, आणि डिसेंबरमध्ये सांगितलं की तिजोऱ्यांच्या बॅकअपची नक्कल चोरांनी नेली. पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच होते, म्हणजे कुणाचं खातं कुठे आहे ते चोराला आयतं कळलं. हे झालं कसं? लास्टपासच्याच एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच एका मीडिया सॉफ्टवेअरच्या भोकातून घुसून त्याचा मास्टर पासवर्ड टाइप होताना टिपला. पहिला टप्पा वगळू नका म्हणतो ते उगाच नाही.

तेव्हा बघा की पासवर्डसोबत पत्ते, नावं, नोट्स हेही कुलूपबंद ठेवतात का. कंपनीच्या सिक्युरिटीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी त्याला 'नाही' धरतो.

कुलूप किती जड आहे? चोराने तिजोरी घरी नेली तर तो मशीनवर एकेक मास्टर पासवर्ड लावून बघत बसतो. प्रत्येक अंदाजाला मशीनला किती कष्ट पडतील तो आकडा सेटिंगमध्ये 'इटरेशन' नावाने असतो. कुलूप लावायची पद्धत पीबीकेडीएफटू असेल तर आज ६,००,००० हा आकडा धरतात, आर्गॉनटू ही पद्धत असेल तर उत्तमच, तिथे आकडे वेगळे असतात ते आहेत तसे राहू द्या. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांवर हा आकडा ५,००० वरच राहून गेला होता. म्हणून तुमचं खातं कुठेही जुनं असेल तर आकडा स्वतः बघा, आपोआप वाढला असेल असं धरू नका.

बाहेरच्या माणसाने तपासलंय का? ऑडिट रिपोर्ट जाहीर केलेला असतो. अख्खा वाचायची गरज नाही. कुणी केला, कोणत्या साली, आणि चुका सापडल्या का तेवढं बघा. चुका सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं लिहिलं असेल तर माझा भरवसा वाढतो. एकही चूक नाही म्हणणारा रिपोर्ट पाहिला की मला शंका येते. कीपास नावाच्या मॅनेजरमध्ये २०२३ साली एक भानगड निघाली, कॉम्प्युटरच्या मेमरीतून मास्टर पासवर्डची बरीचशी अक्षरं परत काढता येत होती. चूक जाहीर झाली, २.५४ व्हर्जनमध्ये दुरुस्त झाली. असं वागणं बघायचं असतं.

पैसे कोण देतं? फुकट आहे, जाहिराती दाखवतं, कंपनीचा पत्ता नाही, असलं ॲप असेल तर पुढचं वाचत बसू नका, काढून टाका.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवर "मी हेच वापरतो, मस्त आहे" याला काही अर्थ नाही. त्याचं घर अजून फुटलं नाही एवढंच त्यातून कळतं.

माझं मत विचाराल तर फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर हवं असेल, बॅकअपचा कंटाळा असेल तर बिटवॉर्डनचं फुकट खातं. त्याचा प्रोग्रामचा कोड उघडा आहे, म्हणजे कुणालाही वाचून तपासता येतो, बाहेरचे ऑडिट होत असतात. क्लाउड, म्हणजे तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं, नकोच असेल तर कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, पण मग फाइलचा बॅकअप तुमच्या गळ्यात. यातलं काहीच जमणार नसेल तर घरच्या कपाटातली वही! खरंच. वहीला कुणी चीनमधून हॅक करत नाही. फक्त ती दुकानाच्या गल्ल्यावर नको आणि तिचा फोटो फोनमध्ये नको.

## ४. ॲप उतरवून घेताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलच्या स्टोअरवर 'लासपास' नावाचं नकली ॲप सापडलं होतं, एका अक्षराचा फरक. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलच्या जाहिरातीत कीपासची नकली साइट वर दिसत होती, पत्त्यातल्या पहिल्या अक्षराखाली बारीकसं चिन्ह, फोनवर तर ते धूळ वाटेल.

म्हणून सर्च करून पहिली लिंक दाबायची नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, तिथल्या बटणावरून स्टोअरला जा, स्टोअरमध्ये डेव्हलपरचं नाव जुळवा. टेलिग्रामवर 'प्रीमियम फ्री' म्हणून एपीके, म्हणजे ॲपची सुटी फाइल फिरते तिच्या नादी लागू नका.

## ५. मास्टर पासवर्ड, ॲप उघडायच्या आधी

इथे सगळ्यात जास्त माणसं गडबडतात. ॲप उघडलं, पासवर्ड मागितला, उभ्या उभ्या 'जळगाव@१२३' इंग्रजीत टाकून मोकळे. मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडा आहे, ॲप हिरवी खूण दाखवतं. आणि चोराच्या यादीत शहराचं नाव, ॲट, आणि १२३ हे पहिल्या पानावर असतं.

पासवर्ड लांब हवा, आणि शब्द आपण 'सुचवलेले' नकोत, फाशांनी निवडलेले हवेत. ७,७७६ शब्दांच्या तयार याद्या मिळतात, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द. असे पाच शब्द घ्या. शक्यता होतात २८ वर अठरा शून्यं. माणूस स्वतः निवडायला बसला की मुलीचं नाव, गाव, कुलदैवत यांच्याबाहेर जात नाही, मी पण नाही जात.

काही जण म्हणतात अहिराणी शब्द टाकतो, चोराला काय कळणार. आयडिया वाईट नाही, पण एक अडचण मी दहा वेळा पाहिलीय. आपले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना स्पेलिंग ठरलेलं नसतं. 'कापूस'मध्ये ए एक की दोन, 'वांगी'ला व्ही की डब्ल्यू? त्या दिवशी जे बोटाला आलं ते टाकलं, महिन्याने दुसरंच येतं. असे शब्द घेतलेच तर स्पेलिंग कागदावर एकेक अक्षर सुटं लिहा. देवनागरीत तर पासवर्ड ठेवूच नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसला की दाराबाहेर उभे.

कागदाच्या दोन प्रती. एक घरच्या लोखंडी कपाटात, दुसरी दुसऱ्या घरात, बहीण धुळ्याला असेल तर तिच्याकडे बंद लिफाफ्यात. मेमध्ये पाहुणे आले अन् आवराआवरीत कागद गेला असंही होतं, म्हणून दोन.

तपासा: सात दिवस बोटाचा ठसा बंद ठेवा आणि रोज मास्टर हाताने टाइप करा. आठव्या दिवशी कागद न बघता जमलं तरच ठसा चालू.

## ६. तीन फालतू नोंदी आणि दहा दिवस

अजून खरे पासवर्ड टाकायचे नाहीत. एखादं बातम्यांचं ॲप, एखादं रेसिपीचं खातं, असल्या तीन नोंदी टाका, ज्या गेल्या तर रडू येणार नाही. आणि मग ॲपला त्रास द्या.

फोन एअरप्लेन मोडवर टाकून उघडतंय का बघा. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज असते-नसते, वीज गेली की टॉवरही जातो, तेव्हा कळून उपयोग नाही. इथे एक बारकावा आहे, ॲप 'लॉक' केलेलं असेल तर बहुतेक वेळा नेटशिवाय उघडतं, 'लॉगआउट' केलेलं असेल तर नेट लागतंच. दोन्हीतला फरक स्वतः करून बघा.

मग पासवर्ड कॉपी करा आणि मिनिटभराने कुठेतरी पेस्ट करून बघा. अजून पेस्ट होत असेल तर क्लिपबोर्ड आपोआप पुसायची सेटिंग शोधा. फोन पाच मिनिटं तसाच ठेवून द्या, ॲप आपोआप लॉक झालं पाहिजे.

मॅनेजरचं ब्राउझरमधलं एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर पान उघडताच आपोआप भरायची सेटिंग बंद ठेवा, आणि अपडेट टाळू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवलं गेलं की पानावर अदृश्य थर ठेवून तुमच्या एका क्लिकने एक्सटेन्शनकडून माहिती भरून घेता येते, बऱ्याच नावाजलेल्या मॅनेजरना ते लागू होतं. कुकीची पाटी बंद करायला क्लिक केलं आणि पासवर्ड गेला, असला प्रकार.

## ७. बाहेर पडून बघा

लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना मागचं दार कुठे ते आपण बघत नाही, इथे बघा. त्या तीन नोंदी एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल करून बाहेर काढा, आणि दुसऱ्या एखाद्या मॅनेजरमध्ये इम्पोर्ट करून दाखवा स्वतःला. निघत नसतील, किंवा निघायला पैसे मागत असतील, तर इथूनच राम राम. अजून तीनच नोंदी आहेत, काही बिघडलं नाही.

सावधान: एक्सपोर्ट केलेली सीएसव्ही फाइल उघडी असते, नोटपॅडमध्येसुद्धा सगळं वाचता येतं. मी स्वतः एकदा ही फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्समध्ये चार महिने विसरलो होतो, तिच्या शेजारी गिऱ्हाइकांचे सातबारे. आठवलं तेव्हा पोटात गोळा. ती फाइल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे पण आहेत. बॅकअप ठेवायचा तर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद एक्सपोर्ट निवडा, पेन ड्राइव्हवर ठेवा. सीएसव्ही काम झाल्याबरोबर डिलीट, रिसायकल बिनमधूनही, आणि डाउनलोड्स फोल्डर गुगल ड्राइव्हला जोडलेला असेल तर तिथूनही.

## ८. आता भरा, पण याच क्रमाने

आधी तिसरा ढीग, पसाऱ्याचा. एका बैठकीत सगळं करू नका, जे खातं उघडायची वेळ येईल त्याचा पासवर्ड त्याच वेळी बदलून नवा मॅनेजरने बनवलेला ठेवा. जुना तोच पासवर्ड नुसता आत हलवून काय उपयोग, सगळीकडे एकच असेल तर एक साइट फुटली की बाकीची उघडी.

दोन आठवडे सुरळीत गेले की पैशाचा ढीग. इथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं. मॅनेजर पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावर सेव्ह केलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर तो भरणार नाही. लोक काय करतात, ॲप बिघडलं म्हणतात आणि कॉपी करून चिकटवतात. नका! तो भरत नाही हाच तुमचा पहारेकरी आहे, नकली साइटवरही तो असाच गप्प बसतो. आधी पत्ता अक्षर-अक्षर वाचा, पासबुकावर किंवा शाखेत विचारून खात्री करा, मग नोंदीत नवा पत्ता जोडा.

किल्ल्यांचा ढीग शेवटी, आणि इथे गाठ पडते ती अशी. नव्या फोनवरून लॉगिन केलं की काही मॅनेजर ईमेलवर कोड पाठवतात. ईमेलचा पासवर्ड मॅनेजरच्या आत. मॅनेजर उघडायला ईमेल हवा, ईमेल उघडायला मॅनेजर. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार लावल्यासारखं. म्हणून मुख्य ईमेलचा पासवर्ड मास्टरच्याच कागदावर लिहा, ईमेलचे आणि मॅनेजरचे टू-स्टेपचे (पासवर्डनंतर दुसरा कोड मागतात त्याचे) रिकव्हरी कोडही तिथेच.

सगळं झालं की ब्राउझरमधले जुने सेव्ह केलेले पासवर्ड पुसा आणि 'सेव्ह करू का' विचारणं बंद करा. हे शंभरातले नव्वद जण विसरतात, हा आकडा माझ्या दुकानातला समजा.

तपासा: घरात दुसऱ्या कुणाला लिफाफा कुठे आहे ते माहीत आहे का? माणूस दवाखान्यात ॲडमिट झाला आणि विम्याचं खातं उघडता येईना, हे मी पाहिलंय. आत काय लिहिलंय ते सांगू नका, कुठे आहे तेवढं सांगा.

## ९. कंपनी फुटल्याची बातमी आली तर

पहिली धाव सगळ्यांची मास्टर पासवर्ड बदलण्याकडे असते. बदला, पण त्याने चोरीला गेलेल्या नकलेचं काही होत नाही, ती जुन्याच मास्टरने बंद आहे आणि चोर निवांत घरी बसून ते फोडत राहणार. बदलायचे असतात आतले पासवर्ड. क्रम आता उलटा, आधी ईमेल, मग पैसा, मग बाकीचा पसारा. मास्टर पाच शब्दांचा असेल तर घाबरून रात्र जागायची गरज नाही, आठवड्याभरात शांतपणे करा. 'जळगाव@१२३' असेल तर आजच रात्री बसा.

त्या आठवड्यात कंपनीच्या नावाने येणाऱ्या मेलमधली एकही लिंक दाबू नका, नकली मेल नेमके तेव्हाच सुटतात. खात्यातून पैसे गेलेच तर शाखा उघडायची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, आणि फोन लावताना व्यवहाराचा नंबर अन् वेळ लिहिलेला कागद समोर ठेवा, ते पहिलं तेच विचारतात.